काळ्या डब्याचे आठ कान

ही वही कोणाच्या हाती लागली तर आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंतची. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही नीट कळलं नाही आणि आता या वयात कोणाला विचारायची लाज वाटते. अक्षर मुळातच किरटं, त्यात उजवा अंगठा आखडायला लागल्यापासून ते आणखी वाकडं येतं. जिथे लागणार नाही तिथे सोडून पुढे वाचावं.

नात कॉलेजला गेली त्याला दोन महिने झाले. तिच्या खोलीतलं टेबल पुसताना लाकडावर चार गोल डाग दिसतात. तिचा काळा डबा तिथे असायचा, त्याच्या रबरी पायांचे ते डाग. पुसून जात नाहीत, आणि मीही फार घासत नाही. घरात दिवसभर आवाज नसतो. मुलगी वरच्या खोलीत दार लावून मीटिंगमध्ये, जावई मोटारीच्या कंपनीत. इथे अमेरिकेत, नोव्हाय गावात, आमच्या गल्लीत दुपारी कुत्रंसुद्धा भुंकत नाही. म्हणून वाटलं, डब्याबद्दल लिहून ठेवावं. बोलायचं मला जमत नाही, चारचौघांत तर मुळीच नाही.

डबा म्हणजे तिच्या भाषेत कंट्रोलर. त्याला स्वतःचा आवाज नसतो. तो वायरने कंप्युटरला जोडायचा, आणि त्याच्यावर बोटं चालवली की कंप्युटरमधून आवाज येतो. ढोल म्हणाल तर ढोल, पाणी म्हणाल तर पाणी. डब्यावर सोळा रबरी चौकोन होते, बोटांनी वाजवायचे. वर आठ गोल बटणं, फिरवायची. उजव्या अंगाला चार उभ्या फटी आणि त्यांतून वर-खाली सरकणारी चार बटणं. तिने तो उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात उभं राहून कमावलेल्या पैशांतून घेतला होता, कोणाचा तरी वापरलेला. दहावीत होती तेव्हा.

आणला त्या दिवशी तिने तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि हात धुवायला गेली. मी पोळ्यांचा डबा भरत होते. माझा हात आपसूक त्या पहिल्या गोल बटणावर गेला. अंगठा आणि दोन बोटं. डोळे मिटले, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, परत आणलं. मग दुसरं. मग तिसरं. डोळे उघडले तेव्हा नात ओल्या हातांनी समोर उभी राहून माझ्याकडे बघत होती.

मी चोरी पकडल्यासारखी हात मागे घेतला. ती म्हणाली, "नो नो, आजी, कर ना. काय करत होतीस?"

मी म्हटलं, "हा सहावा कान मध्ये एका जागी कोरडा आहे."

तिने लगेच कंप्युटर लावला. बटण फिरवलं की पडद्यावर आकडे चढतात. सहाव्या बटणाचे आकडे एकेक करत चढत होते, आणि मी सांगितलेल्या जागी साठावरून एकदम त्रेसष्टावर गेले. तिने तीनदा फिरवून बघितलं. तीनदा तेच.

"हाऊ डिड यू नो?" तिने विचारलं. नंतर मराठीतही विचारलं, मला कळलं नसेल असं वाटून.

मी म्हटलं, "वीस वर्षं तेच केलं."

खरंच तेच केलं होतं. पुण्यात नाना पेठेत, एका गोदामाच्या माडीवर आमचा कारखाना होता. कारखाना म्हणायचा आपला. एक लांब खोली, दोन ट्यूबलाइट आणि अकरा बायका. तिथे रेडिओचे व्हॉल्यूम कंट्रोल बनायचे. बाहेरून दिसतो तो रेडिओचा कान, तो नुसता टोपी घातलेला. त्याच्या आत घोड्याच्या नालेसारखी काळी कार्बनची पट्टी असते, आणि तिच्यावरून पत्र्याची बारीक जीभ फिरते. जीभ फिरेल तसा आवाज कमी-जास्त होतो. दांडीला काडीच्या टोकाने मुगाच्या दाण्याएवढं ग्रीस लावायचं. सगळी चव त्या ग्रीसमध्ये. कमी पडलं तर कान खरखरतो, जास्त झालं तर लोचटासारखा फिरत राहतो. नीट लागलं तर घट्ट दह्यातून बोट फिरवल्यासारखं वाटतं.

मी सुरुवातीला पट्ट्या बसवायचे. पुढे मोठ्या बाईंनी मला शेवटच्या खुर्चीवर बसवलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्यावर देखरेख करणाऱ्या, वयानेही मोठ्या, अंगानेही. शेवटच्या खुर्चीचं काम एवढंच की तयार झालेला प्रत्येक कान डोळे मिटून फिरवायचा. चांगला उजव्या डब्यात, कोरडा डाव्या, ढिला समोरच्या. मी बोलत नसे म्हणून त्यांनी मला तिथे बसवलं असं बाकीच्या म्हणायच्या. बोलणारीच्या बोटांना ऐकू येत नाही, असं मोठ्या बाई म्हणत.

त्या कारखान्याचा एक नियम होता. कपाळावर पुडीचं कुंकू लावून आत यायचं नाही. घामाने, खाली बघून काम करताना, त्याचे कण उघड्या पट्टीवर पडायचे, आणि एक कण पडला तरी तो कंट्रोल मेला. म्हणून सगळ्यांनी चिकटवायची टिकली लावायची. मोठ्या बाई दारात ओलं फडकं घेऊन उभ्या राहायच्या आणि एकेकीचं कपाळ बघून आत सोडायच्या. "कुंकू दाराबाहेर ठेवा, सौभाग्य आत घेऊन या," म्हणायच्या. आम्ही हसायचो. माझ्या सासूबाई मात्र हसायच्या नाहीत. नवरा धडधाकट असताना रोज सकाळी कपाळ पुसून जातेस, असा कसला गं तुझा कारखाना, हे वाक्य मी कितीतरी वर्षं डब्यासोबत बांधून नेलं. पण घर त्या कारखान्यावर चालत होतं, म्हणून त्याही वाक्याच्या पुढे गेल्या नाहीत.

खंडेनवमीला कारखान्यात अवजारांची पूजा व्हायची. प्रेसला झेंडूचा हार, पकडी आणि सोल्डरच्या काड्या पाटावर मांडलेल्या. पण कुंकवाचा करंडा उघडण्याआधी मोठ्या बाई सगळ्या पट्ट्यांच्या डब्यांची झाकणं स्वतः दाबून बघायच्या आणि वरून ओली चादर घालायच्या. हे सगळं मी वीस वर्षं पाहिलं. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे झालं ते मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

त्या पहिल्या दिवसानंतर नात शाळेतून आली की डबा स्वयंपाकघरातच लावू लागली. तिने माझ्या लाटण्याचा ठोका फोनमध्ये घेतला आणि एका चौकोनात घातला. दुसऱ्यात तिच्या आईच्या गाडीच्या दाराचा ठप्प असा आवाज, तिसऱ्यात अंगणातलं बर्फ खरवडणारं फावडं. मी भाजी चिरायचे, ती वाजवायची. मध्येच म्हणायची, "आजी, हा फेडर बघ, कसा वाटतो?" मी हात पुसून सरकतं बटण वर-खाली करून बघायचे. ती सरकती बटणं चांगली होती, अंगाने धातूची, जाताना थोडा विरोध करणारी. बुडाला जाड पत्रा होता, त्यामुळे डबा जागचा हलत नसे. पण वायर मागे न लावता बाजूला लावायची सोय केली होती, ती मला आवडली नव्हती. तिथे कोणाचाही हात लागणार. आणि सगळं काळ्यावर काळं. फटी काळ्या, पाठ काळी. मी म्हणायचे, हे करणाऱ्याने एकदा तरी माझ्या डोळ्यांनी बघायला हवं होतं. ती हसायची. तिला वाटायचं, मी गंमत करते आहे.

माझ्या डाव्या डोळ्यात तेव्हा मोतीबिंदू होता.

दुसऱ्या वर्षी, ती अकरावीत असताना, दसऱ्याला सगळे आपापल्या कामावर आणि शाळेत होते. सुट्टी कुठली इथे. मी घरातल्या घरात पूजा केली. मागच्या अंगणात एक झाड आहे, त्याची पानं आपट्यासारखी जोडपानं दिसतात, ती आणली. जावयांच्या गाडीला सकाळीच फूल लावून झालं होतं. मुलीचा जुना लॅपटॉप, माझी शिवणाची कात्री, सुरी, आणि नातीचा डबा, असं पाटावर मांडलं. लॅपटॉप मिटलेला होता. डब्याला झाकण नव्हतंच. तो तिचं अवजार होता, आणि वर्षभर माझ्यासमोर राबला होता. मी त्याला हळद-कुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या, फूल ठेवलं. हात सैल सोडून, भरपूर. इतकी वर्षं टिकलीवर काढली होती. एकदाही मनात आलं नाही की या आठ कानांच्या आणि चार फटींच्या आतही तीच काळी पट्टी आहे.

नात आली, खूश झाली, फोटो काढला. मग डबा उचलून तिरपा केला, वरचं झटकलं, फडक्याने पुसला आणि वर घेऊन गेली.

तीन आठवड्यांनी इथल्या मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता, एका शाळेच्या हॉलमध्ये. त्यात तिची चार मिनिटं होती. पुढच्या उन्हाळ्यात एक संगीताचा कोर्स होता, त्याला तिला जायचं होतं. त्याची फी ती आइस्क्रीमच्या दुकानातून जमवत होती आणि डिसेंबरात स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड करून पाठवायचं होतं. हे वाजवणं त्याचीच तालीम. पहिलं मिनिट चांगलं गेलं. माझं लाटणं तीनशे माणसांना ऐकू आलं आणि मी पदर तोंडाला लावला. मग तिने एक सरकतं बटण हळूहळू वर न्यायला घेतलं. आवाज हळूहळू वाढायचा होता. तो एकदम कानठळ्या बसतील एवढा झाला, मग गप्प, मग पुन्हा तेवढाच. मध्ये खर्र, खर्र.

तो खर्र मी ओळखला. डाव्या डब्यात टाकायच्या कंट्रोलचा आवाज.

पुढच्या रांगेतल्या एका काकांनी कानांवर हात ठेवून म्हटलं, "अगं, लक्ष्मीपूजन व्हायच्या आधीच बाँब लावलास की." लोक हसले. वाईट मनाने नाही हसले. पण तिने वायर ओढून काढली आणि डबा छातीशी धरून खाली उतरली.

गाडीत मुलगी तिला बोलत होती. चिप्स खात वाजवतेस, शेजारी सोडा ठेवतेस, किती वेळा सांगितलं, वस्तूची किंमत नाही. आता नवा लागला तर स्वतःच्या पैशांनी घे. नात खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिलाही वाटलं, आपल्याच हातून झालं. मी तिच्या शेजारी बसले होते. हे माझ्यामुळे झालं, हे वाक्य माझ्या जिभेवर होतं आणि घर येईपर्यंत जिभेवरच राहिलं. दुसऱ्या दिवशीही. मला लहानपणापासून ही खोड आहे, जे बोलायचं ते मी मनात इतक्यांदा म्हणते की बोलल्यासारखंच वाटतं.

रेकॉर्डिंग पाठवायची तारीख जवळ आली म्हणून तिने फीसाठी जमवलेल्या पैशांतून नवा कंट्रोलर घेतला. चांगला महाग. चपटा, पाटीसारखा, हलका. त्याला कान नव्हतेच. काचेच्या पट्ट्या होत्या, त्यांवरून बोट न्यायचं. मी बोट फिरवून बघितलं. बोटाखाली काहीच नव्हतं. सुरू कुठे झालं, संपलं कुठे, कळत नव्हतं. शिवाय टेबलावर सरकत राहायचा, एका हाताने धरून वाजवावा लागायचा. तिने त्याच्यावर रेकॉर्ड करून पाठवलं. कोर्सवाल्यांनी तिला घेतलं. आता एप्रिलपर्यंत फी भरायची होती, आणि फीतले निम्म्याहून जास्त पैसे त्या पाटीत गेले होते. आईला मागणार नाही म्हणाली. तिच्या आईवरच गेली आहे.

जुना डबा गॅरेजमध्ये कचऱ्याच्या पिंपाशेजारी ठेवला होता. कचऱ्याची गाडी यायच्या आदल्या सकाळी मी तो आत आणला आणि जावयांच्या हत्यारांच्या पेटीतून पेचकस घेतला. बुडाचे सात स्क्रू काढले तरी पत्रा निघेना. मग बोटं फिरवून बघितलं. दोन स्क्रू रबरी पायांखाली लपवलेले होते. उघडल्यावर पहिलं बघितलं ते कान कसे बसवलेत. प्रत्येक कान नुसता खालच्या पाटीवर सोल्डर करून उभा केलेला, वरच्या अंगाला नटने आवळलेला नव्हता. म्हणजे बोटांचा सगळा जोर त्या एवढ्याशा सोल्डरवर. मोठ्या बाईंनी हे पाहिलं असतं तर सगळा माल परत पाठवला असता. सहाव्याचं सोल्डर तडकलेलं होतं, म्हणून तो कोरडा लागत होता.

मग सरकत्या बटणांकडे वळले. पहिल्याची पत्र्याची टोपी काढली. काळ्या पट्टीवर बारीक लाल रेघ होती, जीभ जाईल तिथपर्यंत ओढलेली. दुसऱ्यातही. तिसऱ्यात अक्षतेचा एक दाणा.

मी तो डबा तसाच उघडा टेबलावर ठेवला आणि शाळेची बस यायची वाट बघत बसले. मिटला असता तर पुन्हा गप्प बसले असते.

नात आली. मी म्हटलं, "हे तुझ्या चिप्सनी नाही झालं. माझ्या कुंकवाने झालं. दसऱ्याला."

तिने वाकून बघितलं. बोटाने लाल पुसून बघितलं. मग विचारलं, "तुला आज कळलं?"

"नाही. हॉलमध्येच कळलं होतं."

"म्हणजे आई कारमध्ये ओरडत होती तेव्हा यू न्यू? आणि तू नुसती बसून होतीस?"

"हो."

तिने पाठीवरचं दप्तरही काढलं नाही. "पूजेचं मला काही नाही, आजी. आय डोन्ट केअर. पण तू गप्प बसलीस." दारापाशी जाऊन वळली. "आईला तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

जेवताना मी मुलीला सांगितलं. हातातली पोळी खाली न ठेवताच सांगितलं. जावई उठून पाणी आणायला गेले. मुलगी आधी हसली, मग तिचं हसू थांबलं. "आई, तू? तू तर कंट्रोलवाली. आम्हाला आयुष्यभर टिकलीच्या गोष्टी सांगितल्यास." याच्याइतकं मला कोणी बोललेलं नाही, आणि तिने काही लागेल असं म्हटलंही नव्हतं. पैसे मी देते, म्हणाली. मी म्हटलं, "तू ओरडलीस त्याची माफी तू माग. पैशांचं माझं मी बघते."

नात चार-पाच दिवस माझ्याशी कामापुरतं बोलत होती. मी रोज दुपारी डबा उघडून बसायचे. स्पिरिटमध्ये कापसाची काडी बुडवून पट्ट्या पुसल्या. दोन निघाल्या, दोन चरल्या होत्या. जावयांनी न विचारता तसली दोन बटणं मागवून दिली आणि सोल्डरची काडीही आणली. पण माझा अंगठा. काडी हातात धरली की टोक थरथरायचं. एकदा मी तशीच प्रयत्न करत होते तेव्हा नातीने मागून येऊन काडी माझ्या हातातून घेतली. "सांग," म्हणाली.

मी सांगत गेले, ती करत गेली. आधी जागा तापव, मग सोल्डर लाव, फुंकर मारू नकोस, आपोआप निवू दे. सहाव्याचा तडा तिने जोडला. ग्रीस मात्र मी लावलं, काडीच्या टोकाने, मुगाच्या दाण्याएवढं. मध्येच तिने विचारलं की ती शेवटची खुर्ची कशी होती. मी म्हटलं, लोखंडी, एक पाय आखूड, खाली पुठ्ठ्याची घडी. ती हसली. त्या दिवसांत पहिल्यांदा.

झाल्यावर तिने डोळे मिटले आणि आठही कान एकेक करून फिरवले. मग मी फिरवले. मग चारी फटी. कंप्युटर तिने लावलाच नाही.

"आजी, मी हाच ठेवते," ती म्हणाली. "तो नवा विकून टाकू. त्याच्यावर हाताला काही कळतच नाही."

नवा एका चर्चमध्ये वाजवणाऱ्या बाईंनी घेतला. त्यांना हलका हवा होता, गाडीतून न्यायला. पण एकदा वापरलेल्या वस्तूची किंमत ती किती यायची. जेवढी तूट आली ती मी माझ्या अंगावर घेतली. मंडळातल्या बायकांच्या साड्यांना फॉल-बिडिंग करायला कोणी नसतं इथे. माझी कात्री तर दसऱ्याला पूजलेलीच होती. मुलीने कोणाला तरी सांगितलं, आणि हिवाळाभर दर शनिवारी दारात साड्यांच्या पिशव्या येत राहिल्या. बायका बैठकीत बसून चहा पीत बोलायच्या, मी आत बसून टाके घालायचे. अंगठा दुखायचा. नात शेजारी डबा लावून बसायची आणि माझ्या कात्रीचा आवाजही एका चौकोनात गेला. ती आता फोन करते तेव्हा सांगते, सहावा अजून नीट फिरतो.

एप्रिलात बर्फ गेलं आणि अंगणात जुनं पिवळं गवत दिसायला लागलं. शेवटच्या दोन साड्या दिल्या, त्याच दुपारी मी पैसे घेऊन तिच्या खोलीत गेले. ती म्हणाली, "आजी, राहू दे आता. इट्स इनफ." मी म्हटलं, "मोज." तिने माझ्याकडे बघितलं आणि खरंच मोजले, दोनदा, टेबलावर डब्याशेजारी मांडून. मग माझ्यासमोर कंप्युटर उघडून कोर्सची फी भरली. डब्यापायी गेलेले पैसे तिला पुरते परत मिळाले. माझ्याकडे काही बाकी राहिलं नाही.